गुरुवारची रांग

आई किती वेळ उभी राहू शकते, हे मी तिला न सांगता मोजलं होतं.

माझं कामच ते आहे. चाकणच्या एका कंपनीत मी टाइम स्टडी करते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या मागे चार फुटांवर उभं राहायचं आणि त्याला एक पार्ट उचलून, बसवून, पुढे सरकवायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघून लिहायचं. मी आले की लोक गप्प होतात. मला ते बरंच पडतं, कारण मग मलाही बोलावं लागत नाही.

घरी मी मोबाइल बघत बसल्याचं दाखवायचे. आई ओट्याशी पोळ्या करायची. अठराव्या मिनिटाच्या आसपास ती सगळं वजन डाव्या पायावर घ्यायची. विसाव्या मिनिटाला एक हात ओट्याच्या कडेवर जायचा. बाविसाव्या मिनिटाला, पोळ्या उरल्या असल्या तरी, पायानं स्टूल ओढून ती खाली बसायची. आठ दिवस मोजलं, फारसा फरक पडला नाही. म्हणून मी वहीत लिहिलं: वीस मिनिटं.

तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं. सांधा बदलणार होते. त्याआधी तिला जिथं न्यायचं मी ठरवलं होतं, त्या थीम पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक मोठ्या राइडखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: हृदयविकार, पाठीचा त्रास, गरोदरपण किंवा शस्त्रक्रिया झालेली असल्यास बसू नये. ती ओळ मी कितीदा वाचली असेन कोण जाणे. ऑपरेशन झाल्यावर आईला तिथल्या लाल रोलर कोस्टरमध्ये कुणी बसू देणार नव्हतं. आधी बसलेलं चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते तर विषयच संपला असता.

त्या राइडमध्ये तिला बसायचंय, असं तिनं अलीकडे कधीच म्हटलं नव्हतं. ते माझ्याच डोक्यात होतं.

मी तिसरीत असतानाची गोष्ट. आई तेव्हा भोसरीच्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या लाइनवर होती. गाडीच्या आत वायरींचे जाड जुडगे असतात, ते तिथं टेप गुंडाळून बांधले जायचे. कंपनीनं कामगारांची घरच्यांसकट सहल काढली, ती याच पार्कमध्ये. बाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच गेलो. आत शिरताच आईला पार मागच्या बाजूचा तो उंच लाल रूळ दिसला आणि ती म्हणाली, "त्या लाल गाडीत बसायचं." तिला मी तोपर्यंत स्वतःसाठी काही मागताना ऐकलं नव्हतं.

रांग दोन तासांची होती. रूळ डोक्यावरून जायचा. गाडी आली की पायाखालची फरशी थरथरायची आणि वरून किंकाळ्या यायच्या. माझे तळवे ओले झाले. भीती वाटतेय असं सांगायची लाज वाटत होती, कारण आईच्या कंपनीतली बाकीची मुलं उड्या मारत होती. आमच्या पुढे दहा-बारा माणसं उरली तेव्हा मी म्हणाले, "आई, मला शू लागली."

माझा हात धरून, "जरा जाऊ द्या, लेकराला जायचंय," असं म्हणत तिनं सगळी रांग उलटी पार केली. बाथरूममध्ये मी नळ सोडून नुसती उभी राहिले. बाहेर आले तर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता.

त्यानंतर आई त्याच लाइनवर आणखी चौदा वर्षं उभी राहिली. मला शू लागलीच नव्हती, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता मला पगार होता, वही होती आणि पंधरा दिवस होते. रांगेत वेळ कसा वाचवायचा यावर इंग्रजीत शेकडो लेख सापडले. गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोचा. आत शिरल्यावर लोक समोरच दिसणाऱ्या राइडकडे वळतात. तुम्ही थेट सगळ्यात मागच्या राइडकडे जा. जेवणाच्या वेळी रांगा निम्म्या होतात. आणि वीकेंड टाळा: मंगळवार, बुधवार, गुरुवार हे सगळ्यात रिकामे दिवस.

गुरुवार वाचून मला इतकं बरं वाटलं, की पुढचं मी नीट वाचलंच नाही.

आमच्या घरचा रविवार गुरुवारीच असतो. चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. वीज दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारीच, पाणीही त्या दिवशी उशिरा येतं. मी मात्र थेरगावहून लांबच्या एका इंग्रजी शाळेत जायचे. वर्गातल्या मुलींचे बाबा बँकेत नाहीतर आयटीत होते. सोमवारी त्या रविवारी कुठे गेल्या ते सांगायच्या आणि मी ऐकायचे. आमच्याकडे आई-बाबा दोघं एकत्र घरी असतात तो दिवस गुरुवार, हे मी वर्गात कधी बोलले नाही. त्यामुळे लहानपणापासून माझा असा काहीतरी समज होता की गुरुवारची सुट्टी ही फक्त आमची, घरातली गोष्ट आहे. माझी स्वतःची सुट्टी गुरुवारची आहे. ऑफिसच्या बसमधल्या सगळ्यांची आहे. तरीही वहीत 'गुरुवार' लिहून त्याभोवती मी चौकोन केला. मंगळवारी जायचं तर मॅनेजरकडे रजा मागायला लागली असती, आणि रजा ऑपरेशनसाठी ठेवायच्या होत्या. मागायला तोंड उघडावं लागलं असतं, हेही होतंच.

सकाळी सहाला निघालो. एका ओळखीच्यांची गाडी ड्रायव्हरसकट ठरवली होती. बाबा आले नाहीत. "लाईट एकला येईल, पाणी पण तेव्हाच. कुणीतरी टाकी भरायला पाहिजे," ते म्हणाले. आईनं नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात बूट, कारण मी चप्पल चालणार नाही म्हटलं होतं. गाडीत ती सारखी बुटांकडे बघत होती. मी वहीकडे बघत होते. सव्वानऊला गेट. दहाला आत. दहा दहाला लाल गाडी. दहा पंचवीसच्या आत बसलेलं असायला हवं.

पार्किंगच्या आधीच गाडी थांबली. पुढे बस होत्या. पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या, काचेवर कंपनीच्या पाट्या लावलेल्या. त्या पाट्या मी रोज सकाळी चाकणच्या रस्त्यावर वाचते.

ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, "ताई, आज अख्खी एमआयडीसीच आलीय की."

मी वहीतला 'गुरुवार'भोवतीचा चौकोन बघत राहिले. माझे कान गरम झाले होते.

"आज सुट्टी ना सगळ्यांना," आई म्हणाली. सहज म्हणाली, जणू काल रात्रीपासून तिला हे माहीत होतं.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तू सगळं बघून ठरवलंस."

आत शिरायलाच साडेदहा झाले. एकसारखे टी-शर्ट घातलेले लोक घोळक्यांनी चालले होते, छातीवर कंपनीचं चिन्ह, पाठीवर 'फॅमिली डे'. मी आईला घेऊन भराभर मागच्या बाजूला निघाले. मग आठवलं की भराभर चालायचं नाही, त्यानं वीस मिनिटांतली काही मिनिटं इथंच संपतील. हळू चाललो तर पुढे रांग वाढत होती. मी दोन पावलं भरभर टाकायचे, थांबायचे, मागे बघायचे. आई म्हणाली, "अगं, कोंबडीसारखं काय करतीयस?"

लाल गाडीच्या रांगेपाशी खांबावर पाटी होती: इथून अंदाजे नव्वद मिनिटे.

"आई, परत जाऊ या."

"कामून?"

"दीड तास उभं राहावं लागेल."

"मग राहू की. आलोय तर."

"तुला उभं राहवणार नाही."

"कुणी सांगितलं?"

यावर माझ्याकडे आठ दिवसांचे आकडे होते, पण ते सांगता येत नव्हते. ती पुढे झाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी खिशात हात घालून स्टॉपवॉच चालू केलं.

लोखंडी कठड्यांमधून रांग नागमोडी जात होती. या टोकाला जायचं, वळायचं, त्या टोकाला जायचं, वळायचं. उजव्या बाजूच्या सगळ्या वळणांना लागून एक बुटकी दगडी भिंत होती. सातव्या मिनिटाला आम्ही पहिलं वळण घेतलं. मी आईच्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं.

"ए तीन नंबर! तीन नंबरच हाय न्हवं का ती?"

आई गर्रकन वळली. गुडघा दुखणारी बाई इतक्या पटकन वळेल असं मला वाटलं नव्हतं.

"पाच नंबर! आणि चार पण आलीय का?"

हार्नेसच्या लाइनवर बायका एकमेकींना जागेच्या नंबरानं हाक मारायच्या, हे मला आईकडून माहीत होतं. इतकी वर्षं ती तीन नंबरला होती. चार नंबरला देहूरोडच्या एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याचं तिथं बाजारात दुचाकीचं गॅरेज आहे, सगळे त्यांना आपा म्हणतात. पाच नंबरला मोशीच्या एक काकी. त्यांची जमीन होती तिथं आता सोसायट्या आहेत, बोलणं मात्र गावाकडचंच राहिलंय. दोघी अजून कंपनीत होत्या आणि कंपनीच्या सहलीबरोबर आल्या होत्या. आमच्या मागे चारच माणसं सोडून उभ्या होत्या. मधल्या चौघांनी त्यांच्या ओरडण्याला कंटाळून त्यांना पुढे सोडलं.

"ही लेक ना तुझी?" आपांनी माझ्या गालाला हात लावला. "केवढीशी होती. बेटा, काय करतेस आता?"

"चाकणला. कंपनीत."

"कशात?"

"प्रॉडक्शनमध्ये," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तिघी बोलायला लागल्या. कोण सोडून गेली, कुणाच्या मुलाचं लग्न, नवीन सुपरवायझर कसा आहे. मी घड्याळ बघत होते. चौदा मिनिटं. सोळा. अठराव्या मिनिटाला आईनं वजन डाव्या पायावर घेतलं. विसाव्या मिनिटाला तिचा हात कठड्यावर गेला आणि पुढची पाटी म्हणत होती: पासष्ट मिनिटे.

"आई, आता बास. चल बाहेर."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार नंबर, क्रेट."

"घे की मग. विचारते काय," आपा म्हणाल्या.

आम्ही तेव्हा दुसऱ्यांदा उजव्या वळणावर आलो होतो. कठड्याचं टोक आणि दगडी भिंत यांच्यामध्ये एक माणूस निघेल एवढी फट होती. आई त्या फटीतून सरकली आणि भिंतीवर बसली. रांग पुढे सरकली. मी घाबरले.

"आई! रांग चाललीय!"

"जा तुम्ही. या फिरून."

आपांनी मला दंडाला धरून पुढे नेलं आणि समजावलं. लाइनवर बसायला काही नसायचं. बोर्ड सरकत यायचा, प्रत्येकीनं आपली टेप गुंडाळायची. पण शेजारशेजारच्या या तिघींनी एक पद्धत काढली होती. एकीनं दहा बोर्ड उलट्या क्रेटवर बसायचं, तेवढ्यात बाकीच्या दोघींनी तिचंही काम ओढायचं. मग दुसरी बसायची. लाइन कधी थांबली नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही. त्याला त्या 'क्रेट घेणं' म्हणायच्या.

"पाळी धरून घ्यायची. अन् जिचं दुखतंय तिनं दोनदा घ्यायची," काकी म्हणाल्या. "आपली जागा हितंच ऱ्हाती. न्हाई का?"

त्या टोकाला जाऊन परत यायला आम्हाला नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ माझी मान मागेच होती. परत वळणावर आलो तेव्हा आई उठली, फटीतून आत आली आणि काकी बाहेर जाऊन बसल्या.

मागून एक माणूस खेकसला, "ओ काकू, मधे कुठं घुसताय? लाइन दिसत नाही का?"

मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं. पण काकी भिंतीवरूनच म्हणाल्या, "घुसलं कुटं? ती हितंच व्हती. बसली व्हती. तू मोज की, पुढं किती हुते अन् आता किती हायती."

"असं प्रत्येकजण बसायला लागला तर?"

"मग बसू द्या की! तुझी बायकू तान्हं पोर घेऊन उबी हाय अर्धा तास. तिला का न्हाई बसवत? ये गं बाई, ये. सरकते मी."

त्याची बायको एकदा नवऱ्याकडे बघून फटीतून गेली आणि काकींशेजारी बसली. नवऱ्याच्या मागचा टी-शर्टवाला हसून म्हणाला, "जाऊ दे रे भावा, सेकंड शिफ्टला जाऊ." पुढच्या फेरीला भिंतीवर पाच-सहा माणसं बसली होती, सगळी म्हातारी नाहीतर लेकुरवाळी, आणि रांग आपापल्या माणसाला उचलत पुढे जात होती.

मला अजूनही हायसं वाटत नव्हतं. कुणीतरी गार्डला बोलावेल असं वाटत होतं. खिशात हात घालून मी बटण दाबलं, आईची बसलेली आणि उभी मिनिटं वेगळी धरायला. टिक आवाज झाला. आपांनी बरोबर ऐकला.

"ए, काय आहे ते?"

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. गळ्यात अडकवायची पिवळी दोरी बाहेर लोंबत होती. कारखान्यात काम केलेल्या बाईला ती दोरी ओळखायला वेळ लागत नाही.

"या अल्ला. घड्याळवाली आहे ही," आपा म्हणाल्या. "आमच्याकडे ते आले की माझे हात आपोआप हळू चालतात."

काकी मोठ्यानं हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. आई शांतपणे म्हणाली, "माझ्यावर पण चालवतीय. आठ दिस झाले, ओट्यापाशी बसून. हिला वाटतं, मला दिसत नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे बघत होती.

"मग किती भरलं माझं?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"पंचवीस तरी असंल. पोळ्या उरल्या तरी मी मुद्दाम बसायची, तुझं लिहून व्हावं म्हणून."

यानंतर मी घड्याळ बॅगेत टाकलं, पण बंद करायला विसरले. ते आत चालूच राहिलं.

पुढच्या दोन वळणांनंतर रूळ डोक्यावर आला. फरशी थरथरायला लागली. ती जागा मला ओळखू आली. कठड्याला नवा रंग दिला होता, बाकी तेच. आमच्या पुढे दहा-बारा माणसं होती.

काकींनी मला कोपरानं ढोसलं. "काय गं पोरी, शू लागली आसंल तर आत्ताच सांग."

आपांनी ओढणी तोंडावर धरली. आईचे खांदे हलत होते. तिघी हसत होत्या.

मी आईला विचारलं, "यांना माहीत आहे?"

"लाइनवर आठ तास काय बोलायचं मग?"

"म्हणजे तुला... तेव्हाच कळलं होतं?"

"नळ बाहेर ऐकू येत होता, लेकरा. एवढा वेळ कुणी हात धुतं का?"

सतरा वर्षं मी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते भोसरीतल्या एका अख्ख्या लाइनला माहीत होतं. कदाचित सेकंड शिफ्टलाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला भ्या वाटत होतं. भ्यालेल्या लेकराला काय उचलून बसवायचं होतं?" एवढं बोलून तिनं बुटाची नाडी तपासली. "आता सरक पुढं."

गाडी आली. दोन-दोन जणांच्या सीट. आम्ही चौघी होतो, हिशेब बरोबर बसत होता. माझ्या वहीत मात्र माझी जागा कधीच नव्हती. मी आधीपासून ठरवलेलं वाक्य म्हटलं, "तुम्ही बसा, मी बॅगा धरते."

"बॅगा इथं ठेवा मॅडम, कप्पे आहेत," तिथला कामगार म्हणाला.

"नको. मी थांबते."

आई माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाली, "असू दे."

सीट खोल होती. आत उतरायला गुडघा वाकवावा लागत होता. आईनं काकींच्या खांद्यावर हात टाकला, डावा पाय आत टाकला, उजवा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. कामगारानं बघितलं. "मावशी, पायाला काय झालंय का?"

ऑपरेशन आहे, एवढं मी बोलले असते तर पुरलं असतं. माझं तोंड उघडं होतं.

"वय झालंय," आई म्हणाली. "तुझं पण होईल. लाव तो दांडा."

दांडा खाली आला. गाडी निघाली. वर चढताना तिचा निळा ड्रेस दिसत होता, शिखरावर गेल्यावर दिसेनासा झाला. मग आवाज आले. त्यातला तिचा कुठला ते मला ओळखता आलं नाही. बॅगेतलं घड्याळ काढायचं भान नव्हतं. मी चार बॅगा छातीशी धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच होतं, की त्या दांड्याखाली तिचा गुडघा कसा असेल.

बाहेर पडायच्या दारातून ती दोघींच्या मधे, त्यांच्या खांद्यांवर हात टाकून, लंगडत आली. क्लिप पडली होती, केस सुटले होते. बाकावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी दाबला आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"दुखतंय का खूप?"

"दुखतंय. थांब जरा." मग डोळे उघडून म्हणाली, "पोटात गोळा आला बाई. वरून पार्किंगमधल्या सगळ्या बस दिसतात. मी आपली गाडी शोधली."

"सापडली?"

"ते ड्रायव्हर पोरगं टपावर पाय पसरून झोपलंय."

आम्ही डबा खाल्ला. बर्फाचं पाणी आणून मी तिच्या गुडघ्याला रुमाल लावला. हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. मग ती म्हणाली, "आता तू जा."

"नको."

"जा की. आम्ही हाय इथं. यांची बस पाचला आहे."

तिघी माझ्याकडे बघत होत्या. 'नको' दुसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा उठणं सोपं होतं. मी उठले.

एक वाजला होता. लोक जेवत होते आणि पाटीवर पस्तीस मिनिटं होती. लेखांतली तेवढी एक गोष्ट खरी निघाली. उजव्या वळणांवरून मला बाक दिसत होता. प्रत्येक वळणाला काकी हात हलवायच्या, इतक्या जोरात की लोक मागे वळून बघायचे. मी फक्त मान हलवायचे. रूळ डोक्यावर आला. तळवे ओले झाले. पुढे दहा-बारा माणसं उरली तेव्हा मी ठरवलं की परत फिरायचं, आणि मागे वळले.

मागे शंभरेक माणसं कठड्यांत ठासून उभी होती. बाहेर जायचं तर प्रत्येकाला 'जरा जाऊ द्या' म्हणावं लागणार होतं. प्रत्येकजण माझ्याकडे बघणार होता. कुणीतरी नक्की विचारणार होतं, काय झालं ताई, घाबरलात का? मागच्या वेळी पुढे आई होती, बोलत होती तीच. मी फक्त तिचा हात धरून खाली बघत चालले होते.

मला ते जमणार नव्हतं. मी पुन्हा पुढे तोंड केलं.

"एकट्याच?" कामगारानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं मला 'फॅमिली डे'चा टी-शर्ट घातलेल्या एका बाईशेजारी बसवलं. दांडा खाली येताच तिनं न विचारता माझं मनगट पकडलं. तिचाही हात ओला होता. गाडी कडकड करत वर चढायला लागली आणि मी डोळे घट्ट मिटले. ते मी थेट गाडी थांबल्यावर उघडले.

मी बाकापर्यंत पोचले. आईनं सरकून मला जागा दिली.

"दिसली का आपली गाडी वरून?"

"दिसली," मी म्हणाले.

"पोरगं झोपलंय ना अजून?"

"हो. झोपलंय."

आईनं वळून चार आणि पाच नंबरकडे बघितलं. काकींनी ओठ दाबून धरले होते, आणि मला कळलं की उद्या फर्स्ट शिफ्टला, पहिल्या दहा बोर्डांच्या आत, माझं हे खोटंही लाइनवर जाणार.